सातवीच्या वर्गातल्या १० बिया आणि घरच्या पेरणीचं गणित

‘करून पहा.’ बालभारतीच्या सहावी ते आठवीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकांत हे दोन शब्द इतक्या वेळा येतात की पोरांना पाठ झालेत. पण बहुतेक वेळा ते ‘वाचून पहा’ एवढंच राहतं. सर परिच्छेद वाचतात, निष्कर्ष फळ्यावर येतो, तो वहीत उतरतो आणि चाचणीत त्यावर दोन गुण मिळतात.

यात दोष एकट्या शिक्षकांचा नाही. जीवशास्त्राच्या भागातले बरेच प्रयोग असे असतात की उत्तर आधीच सगळ्यांना माहीत असतं. भिजवलेल्या मटकीला मोड येतात, हे कळायला वाशिम जिल्ह्यातल्या सातवीच्या मुलीला प्रयोगशाळा कशाला लागते? आईने काल रात्रीच फडक्यात मटकी बांधून ठेवलेली असते. उत्तर माहीत असलेला प्रयोग करण्यात पोरांना मजा येत नाही, आणि त्यांचं चुकत नाही.

आता याच प्रयोगात फक्त बी बदलू. मंगरुळपीर तालुक्यातल्या आसेगावचं उदाहरण घेऊ. (रिसोड तालुक्यात आसेगाव पेन आहे, ते वेगळं. पण पुढचं सगळं तिथेही लागू पडतं.) हा सगळा सोयाबीन-तुरीचा पट्टा. उन्हाळ्यात घराघरात मागच्या हंगामातल्या सोयाबीनचे एक-दोन कट्टे बियाणं म्हणून बाजूला ठेवलेले असतात. त्या कट्ट्यातल्या शंभर बियांपैकी किती उगवतील? हे उत्तर पुस्तकात नाही. सरांना माहीत नाही, गुगललाही माहीत नाही. ज्याने ते पिकवलं त्या बाबांनासुद्धा फक्त अंदाज आहे. आणि जूनमध्ये त्यांचे पैसे याच उत्तरावर लागणार आहेत.

कृषी विभाग दरवर्षी खरिपाआधी शेतकऱ्यांना जी ‘घरगुती उगवणक्षमता चाचणी’ करायला सांगतो, ती आणि शाळेतला बीजांकुरणाचा प्रयोग, दोन्ही मुळात एकच आहेत. फरक इतकाच की एकाला गुण मिळतात आणि दुसऱ्याच्या निकालावर दुबार पेरणी टळते किंवा टळत नाही.

सोयाबीनच का दगा देतं?

हरभरा, ज्वारी यांच्याबद्दल एवढी चिंता कुणी करत नाही. सोयाबीनचं बी मात्र नाजूक. त्याचं टरफल पातळ असतं आणि ज्यातून पुढे मूळ येतं तो अंकुराचा भाग त्या टरफलाच्या अगदी खाली असतो. मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला, कट्टा ट्रॉलीतून धाडकन खाली टाकला, थप्पीवर थप्पी रचली, की वरून दाणा छान पिवळा दिसतो आणि आत अंकुर जायबंदी झालेला असतो. म्हणूनच साठवणुकीच्या सल्ल्यात नेहमी सांगतात की कट्टे आपटू नका, थप्पी सातपेक्षा उंच करू नका, जमिनीला टेकवू नका.

त्यात काढणीच्या वेळी पाऊस आला तर विषयच संपला. २०२०च्या खरिपात हेच झालं होतं. सोयाबीन पेरलं पण उगवलंच नाही, अशा हजारो तक्रारी राज्यभरातून आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आधीच्या वर्षी, म्हणजे २०१९च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ऐन काढणीत झालेल्या पावसाने बियाणं खराब झालं, हे त्यामागचं एक मोठं कारण सांगितलं गेलं.

बी उगवलं नाही हे शेतकऱ्याला कळतं पेरणीनंतर आठवडाभराने. तोपर्यंत बियाणं, खत, ट्रॅक्टर, मजुरी सगळं मातीत गेलेलं असतं आणि वापसाही निघून गेलेला असतो. हीच गोष्ट वर्तमानपत्राच्या ओल्या कागदात मे महिन्यात कळू शकते.

कागद, दोरा आणि दहा बिया

पद्धत सोपी आहे. वर्तमानपत्राच्या कागदाची चार पदरी घडी करून ती पाण्यात भिजवायची आणि जास्तीचं पाणी निथळू द्यायचं. एका कडेला दहा बिया सारख्या अंतरावर ओळीत ठेवायच्या. मग कागदाची सैलसर गुंडाळी करून दोन्ही टोकांना दोरा बांधायचा. गुंडाळी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायची म्हणजे ओल टिकते. गोणपाटाच्या ओल्या तुकड्यातही हेच करता येतं, गावाकडे तीच रीत जास्त ओळखीची.

वाशिमच्या मे महिन्यात एक काळजी मात्र घ्यावी लागते. सोयाबीनला उगवायला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. पत्र्याच्या खोलीत दुपारी ठेवलेली गुंडाळी बियांची परीक्षा घेत नाही, त्यांना उकडून काढते. माठाच्या आडोशाची गार जागा त्यासाठी उत्तम.

पाचव्या दिवशी पहिली मोजणी, आठव्या दिवशी शेवटची. बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळाही सोयाबीनसाठी याच दिवसांना मोजतात.

आणि खरं विज्ञान इथे सुरू होतं, कारण ‘उगवलं’ म्हणजे काय हे ठरवावं लागतं. मटकीचं बरं असतं, जरासा मोड दिसला की झालं. इथे टोक बाहेर आलंय पण पुढे वाढलंच नाही, मूळ तुटकं आहे, रोप पिळवटलंय, बुरशीने काळं पडलंय, असली बी मोजायची नाही. शेतात ती जमिनीवर येणारच नाही. मूळ धड आहे, खोड सरळ आहे, दोन्ही दलिका जागेवर आहेत, तीच मोजायची. दोन मुलांना एकच गुंडाळी वेगवेगळी मोजायला दिली तर आकडे वेगळे येऊ शकतात. मग वाद होतो, निकष ठरतो आणि पुन्हा मोजणी होते. प्रयोगवहीत न येणारा हा वादच माझ्या मते अख्ख्या प्रयोगातला सगळ्यात मोलाचा भाग आहे.

दुसरा मोह बिया निवडण्याचा. मुलांना दहा बिया आणायला सांगितल्या की ती दहा सुंदर बिया आणतात. मोठी माणसंही तेच करतात. पण पेरताना कुणी सुंदर बिया वेचत नाही. चाळणी झालेल्या बियाण्यातून, कट्ट्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ घ्यायची, एकत्र कालवायची आणि हाताला येतील त्या बिया मोजून घ्यायच्या. याला शास्त्रीय भाषेत नमुना घेणं म्हणतात. निवडणुकीचे अंदाज का चुकतात, हे समजावायला याहून स्वस्त साधन नाही.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. दुकानातून आणलेल्या पिशवीतलं लाल-गुलाबी रंग चढवलेलं बियाणं मुलांच्या हातात देऊ नये. त्याला बुरशीनाशक किंवा कीटकनाशक लावलेलं असतं. वर्गातला प्रयोग घरच्या, काहीही न लावलेल्या बियाण्यावरच करायचा.

चाळीस मुलं म्हणजे एक प्रयोगशाळा

समजा तुमच्याकडे १०० बियांपैकी ७२ उगवल्या. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण ७० टक्के लागते, म्हणजे आपण पास. झालं?

नाही. बियांतही नशिबाचा भाग असतो. नाणं शंभर वेळा उडवलं तर दर वेळी बरोबर पन्नास छापे येत नाहीत, तसंच हे. शंभरातल्या ७२ वरून अख्ख्या कट्ट्याबद्दल इतकंच म्हणता येतं की खरा आकडा साधारण ६३ ते ८१च्या मध्ये कुठेतरी असावा. ही पट्टी फारच रुंद आहे. ६३ असेल तर बियाणं वाढवावं लागेल, ८१ असेल तर निवांत. हाच ७२ टक्क्यांचा निकाल ४०० बियांवर आला तर पट्टी साधारण ६८ ते ७६ इतकी आवळते. म्हणून प्रयोगशाळेत एका नमुन्याच्या ४०० बिया तपासण्याची पद्धत आहे, शंभराचे चार गट करून.

शेतकऱ्याला एकट्याने ४०० बिया लावणं कंटाळवाणं वाटू शकतं. पण वर्गात ४० मुलं असतील तर प्रत्येकाची एक गुंडाळी, प्रत्येक गुंडाळीत दहा बिया, आणि झाल्या ४००.

कट्ट्याची खरी उगवण ७० टक्के असेल तर प्रत्येकाला दहातल्या सात मिळतील का? मुळीच नाही. बहुतेकांना पाच ते नऊच्या मधला काहीतरी आकडा येईल. चाळीस जणांत एखाद्याच्या दहाच्या दहा उगवतील आणि एखाद-दुसऱ्याच्या चार किंवा त्याहूनही कमी. नेहमीच्या वर्गात चारवाल्याला ‘तुझं चुकलं’ असं ऐकावं लागतं आणि तो गुपचूप शेजारच्याचं सात उतरवून घेतो. इथे त्याने सात लिहिलं तर सगळ्या वर्गाचा निकाल खोटा ठरेल. त्याचा चारच हवा. खरा आकडा लिहिण्याची अशी गरज शाळेतल्या किती प्रयोगांत पडते?

चाळीस आकडे फळ्यावर लिहून प्रत्येक आकड्यासमोर तितक्या रेघा ओढल्या तर मधे उंच आणि कडेला उतरता असा डोंगर तयार होतो. कॉलेजात संख्याशास्त्राच्या पहिल्या तासाला हाच डोंगर शिकवतात.

आता गणिताच्या सरांकडे जाऊ. सोयाबीनसाठी ७० टक्के उगवणीला एकरी ३० किलो बियाण्याची शिफारस आहे. त्याखाली प्रत्येक टक्क्याला साधारण अर्धा किलो वाढवायचं, आणि उगवण ६०च्याही खाली गेली तर ते बियाणं पेरायचंच नाही, असा सल्ला दिला जातो. हा अर्धा किलो आला कुठून? उगवण ६० टक्के असेल तर तेवढीच रोपं मिळवायला ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो बियाणं लागेल. दहा टक्के कमी, पाच किलो जास्त. हे त्रैराशिक पोरांना येतं.

अजून थोडं पुढे जाता येतं. शंभर दाण्यांचं वजन किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करा. ते १२ ग्रॅम भरलं तर ३० किलोत अडीच लाख दाणे झाले. त्यातले ७० टक्के उगवले म्हणजे पावणेदोन लाख रोपं. दोन ओळींत ४५ सेंटीमीटर आणि दोन रोपांत ५ सेंटीमीटर अंतर धरलं तर एका एकरात किती रोपं मावतात? साधारण एक लाख ऐंशी हजार. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन आकडे जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. एकरी ३० किलो हे कुणीतरी मनाने ठरवलेलं नाही, हे मुलांना स्वतःच्या हिशोबातून दिसतं.

सोय अशी की शाळाच बंद असते

इथे एक व्यावहारिक घोळ आहे. पेरणी होते जूनमध्ये, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्यावर. आणि विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून सरता सरता उघडतात. म्हणजे शाळेत बीजांकुरणाचा धडा येईपर्यंत शेतात रोपं उभी असतात किंवा दुबार पेरणीची चर्चा सुरू असते.

त्यामुळे हा प्रयोग वेळापत्रकाबाहेर काढावा लागेल. सुट्टी लागण्याआधी एप्रिलमध्ये वर्गात एकदा करायचा, आणि सुट्टीचा गृहपाठ म्हणून मे अखेरीस घरी पुन्हा एकदा. नाहीतरी सुट्टीत पोरांना शुद्धलेखनाची पंचवीस पानं मिळतात, त्यापेक्षा हे बरं. दोनदा करण्यात एक फायदाही आहे. एप्रिलमध्ये ७८ आणि मे अखेर ६९ आले, तर मधल्या उन्हाने आणि साठवणुकीने बियाण्याचं काय केलं ते समजतं. ज्यांचा आकडा घसरला आणि ज्यांचा टिकला, त्यांच्या घरी कट्टे कुठे ठेवले होते हे विचारलं की पुढच्या वर्षीचा प्रश्न तयार.

मुलांना स्वतःचे प्रश्नही सुचतात. कट्टा आपटल्याने खरंच फरक पडतो का? एकाच कट्ट्यातल्या शंभर बियांची पुरचुंडी छपराच्या उंचीवरून सिमेंटच्या ओट्यावर दहा वेळा टाका, दुसऱ्या शंभरांना हात लावू नका, आणि दोन्ही सारख्याच गुंडाळ्यांत, एकाच जागी ठेवा. न आपटलेल्या शंभर बिया नसतील तर आपटलेल्यांचा निकाल कशाशी ताडणार? तुलनेसाठी एक गट तसाच ठेवणं ही सवय औषधांच्या चाचण्यांपर्यंत सगळीकडे लागते.

मला स्वतःला आवडतो तो डब्यांचा प्रयोग. काळ्या मातीने भरलेल्या डब्यांत सोयाबीन तीन खोलींवर पेरायचं: दोन, चार आणि आठ सेंटीमीटर. शेजारी तसेच डबे तुरीचे. तूर उगवताना तिच्या दलिका जमिनीखालीच राहतात, वर येतो तो कोवळा शेंडा. सोयाबीनचं उलट असतं. त्याचं खोड आकड्यासारखं वाकतं आणि दोन्ही जाडजूड दलिका ओढत मातीवर आणतं. म्हणून खोल पडलेलं किंवा पावसाने पापुद्रा धरलेल्या जमिनीत अडकलेलं सोयाबीन मान मोडून आतच राहतं. सोयाबीन तीन-चार सेंटीमीटरपेक्षा खोल पेरू नका, हा सल्ला प्रत्येक शेतकऱ्याने ऐकलेला असतो. त्याचं कारण डब्यात डोळ्यांनी दिसतं.

हे आधी कुणी केलंय का?

केलंय, आणि वाशिमपासून फार लांब नाही. मध्य प्रदेशात, तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात, १९७२ साली सोळा सरकारी माध्यमिक शाळांत सहावी ते आठवीसाठी होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी तो उभा केला. किशोर भारतीचे अनिल सदगोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतली नोकरी सोडून तिथे गेलेले. ‘बाल वैज्ञानिक’ नावाच्या त्यांच्या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न होते, उत्तरं मुलांनी काढायची. परीक्षेला पुस्तक सोबत नेता यायचं. संयोग आणि संभाव्यतेवर, म्हणजे वर आपण पाहिलेल्या नाण्याच्या खेळावर, तिथे माध्यमिक शाळेतच धडा होता. पुण्यात टेल्कोत इंजिनियर असलेले अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले, आणि काडेपेटी व सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या खेळण्यांचा त्यांचा प्रवास तिथून सुरू झाला. १९७८ पासून कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत गेला, पुढे पंधरा जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांपर्यंत पोहोचला, आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो बंद केला.

महाराष्ट्रातही प्रयत्न झाले. १९७४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने सुरुवातीच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागातल्या शाळांत काम केलं. डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथली कल्पना आपल्या विषयाच्या फार जवळची आहे. मुलं शिकता शिकता गावाला उपयोगी पडणारी कामं करतात, माती परीक्षणासारखी. काम गावाचं असल्यामुळे चुकीचं करून चालत नाही.

आणि ऑगस्टमधल्या गुलाबी गाठी

शाळा सुरू झाल्यावर करण्याजोगा एक प्रयोग राहिलाच. पेरणीनंतर पस्तीस-चाळीस दिवसांनी सोयाबीनचं एक झाड मातीसकट खुरप्याने अलगद काढायचं. उपटलं तर गाठी मातीत तुटून राहतात. मुळं बादलीत धुतली की त्यांवर बारीक गाठी दिसतात. या गाठींत रायझोबियम गटातले जिवाणू राहतात आणि हवेतला नायट्रोजन झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. सरांनी ब्लेडने एखादी गाठ कापून दाखवायची. आतून गुलाबी-लाल निघाली तर कारखाना सुरू आहे. पांढरी असेल तर अजून सुरू झालेला नाही, हिरवट-करडी असेल तर बंद पडला.

तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिन नावाच्या प्रथिनाचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचाच हा नातेवाईक, आणि तोही ऑक्सिजन धरून ठेवण्याचं काम करतो. झाडाच्या मुळात रक्तासारखं काही निघतं म्हटल्यावर मागच्या बाकावरचीही उठून पुढे येतील.

मग दोन शेतांतली झाडं आणायची, एक जिथे युरिया भरपूर टाकला आणि एक जिथे टाकला नाही. वय सारखं, जमीन शक्यतो सारखी, प्रत्येक शेतातून किमान पाच झाडं. गाठी मोजायच्या, गुलाबी किती आणि पांढऱ्या किती तेही. आयता नायट्रोजन मिळाला की झाड गाठी कमी करतं, असं शास्त्र सांगतं. आसेगावच्या शिवारात तो फरक किती पडतो, हे मोजल्यावरच कळेल.

मे महिन्यातला आकडा ६०च्या खाली आला तर काय, हा प्रश्न उरतो. पहिली गोष्ट म्हणजे चाचणी पुन्हा करायची, या वेळी माठाजवळची जागा नक्की गार होती ना ते पाहून. पुन्हा तेच आलं तर तो कट्टा बियाण्यातून बाद, तो बाजारात विकायचा. सोयाबीनचं परागीभवन त्याच फुलात होत असल्यामुळे सरळ वाणाचं घरचं बी दोन-तीन वर्षं वापरता येतं, त्यामुळे गावातच दुसऱ्या कुणाकडे चांगली उगवण असलेलं बियाणं मिळू शकतं. कुणाकडे, हे चाळीस घरांचे आकडे लिहिलेला वर्गातला तक्ता सांगेल. विकत आणलं तर पावती, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल जपून ठेवायचं आणि मूठभर बी बाजूला काढायचं. शेतात उगवलं नाही तर तालुका तक्रार निवारण समितीकडे जाताना हेच लागतं. वर्गातली कागदाची गुंडाळी तिथे पुरावा म्हणून चालत नाही, अधिकृत तपासणी नागपूरसारख्या ठिकाणच्या सरकारी बीज प्रयोगशाळेतच होते. पण त्या समितीच्या दारात जायची वेळ पेरणीनंतर येते. गुंडाळी त्याच्या तीन आठवडे आधी उघडलेली असते.